मोजे घातलेले हात

मंगळवार, १४ तारीख

प्रिय ताई,

नमस्कार. मी बरी आहे. तुमच्याकडेही सगळे बरे असतील असं इथे लिहायची पद्धत आहे, पण या महिन्यात ते लिहिणं बरं दिसणार नाही. पत्र तुझ्या कामाच्या साइटच्या पत्त्यावर पाठवते आहे, आठवडाभर तू तिथेच असतेस. फोनवर तू ‘बोल’ म्हणतेस आणि मग स्वतःच बोलत सुटतेस.

आमच्या माहितीपटाचं संकलन शेवटाकडे आलं आहे. दिवसभर मागची खोली, पडदे ओढलेले, शेजारी आवाजाचं काम बघणारे गृहस्थ. ते चहा पितात आणि मला पाजतात. विषय तुला ठाऊकच आहे: बायका आणि पुरुष. बायकांबद्दल आणि पुरुषांबद्दल लोकांच्या मनात जे आधीच पक्कं असतं, ते.

या विषयावरचे माहितीपट मी याआधीही जोडले आहेत. दुकानात एका बाजूला बाहुल्या, दुसऱ्या बाजूला मोटारी. मग एक डॉक्टर मेंदूचं चित्र दाखवतात. शेवटी ट्रक चालवणारी बाई आणि स्वेटर विणणारा पुरुष, की संपलं. आमच्या दिग्दर्शिकेला याचा वीट आला आहे. ती म्हणते, ट्रकवालीला नवलाईसारखं दाखवलं की बाकीच्या बायका होत्या तिथेच राहतात.

मी तिला माझ्या टेबलावरची एक गोष्ट सांगितली. बाई रडायला लागली की मी लगेच पुढच्या दृश्यावर जाते. पुरुष रडला की थांबते, त्याचा चेहरा पूर्ण होऊ देते. असं कर म्हणून मला कुणी सांगितलेलं नाही. हात आपोआप तसा चालतो. पाहणाऱ्याला वाटतं, पुरुषाचं रडणं किती खोल! खोल नसतं, लांब असतं. आणि ते लांब मी केलेलं असतं.

तेव्हापासून तिने चेहरे काढून टाकले. बॅगेचा प्रयोग त्यातूनच निघाला.

तू आणि भाऊजी त्यात होतात. एक जोडपं आयत्या वेळी फिरलं म्हणून मीच तुम्हाला गळ घातली. तेव्हा तुमचं वेगळं व्हायचं ठरलं होतं, ते मला ठाऊक नव्हतं. तुम्ही दोघं एका शब्दाने बोलला नाहीत, आणि वेगवेगळ्या दिवशी येऊन गेलात. मी चित्रीकरणाला जात नाही. माझ्याकडे आले ते फक्त हात. करड्या कोटाच्या बाह्या, करडे हातमोजे आणि एक क्रमांक.

खोली सगळ्यांना तीच. कपाटात बाईचे, पुरुषाचे, लहान मुलीचे कपडे, औषधांचा डबा, कागदपत्रं, खेळणी. सूचना एवढीच, की सकाळी घर सोडायचं आहे, परत कधी यायचं ते माहीत नाही, बॅग एकच. मग ते हात अनोळखी लोकांना दाखवायचे आणि विचारायचं, बाई की पुरुष?

लोक पटापट सांगतात. “बाईच. घडी बघा ना.” “पुरुष हो, आधी चार्जर उचललाय.” खरं काय ते सांगितलं की म्हणतात, “हां, म्हणजे नोकरी करणारी असेल.” “त्याची बायको आजारी असेल बघा.” चुकलो असं कुणी म्हणत नाही. बाई बदलते, पुरुष बदलतो, मत तेवढं शाबूत राहतं. मला आणि आवाजवाल्यांना याची गंमत वाटायची. आम्हीही पैज लावायचो, एका चहाची.

त्यात एक हात आले. ते आधी औषधांच्या डब्याकडे गेले. तापाच्या औषधाची बाटली उजेडात धरून तारीख पाहिली, झाकण पिळून पाहिलं, बाटली उलटी करून पाहिली, मग लहान टॉवेलात गुंडाळली. मुलीचा झोपायचा फ्रॉक घेतला. जागा पुरेना तेव्हा मोठ्या माणसाचा कोट बाहेर काढला आणि तिथे केसांच्या पिना ठेवल्या.

“आई,” मी म्हटलं.

“रात्री जागलेली आई,” आवाजवाले म्हणाले. पैज लागलीच नाही.

पुढचे हात वेगळे होते. कागदपत्रं, टॉर्च, चार्जर. पायमोजे गुंडाळून बुटांच्या आत. कुठे थबकणं नाही, पुन्हा उघडून बघणं नाही. चेन लावली. मग जरा वेळ ते बॅगेवर नुसते पडून राहिले. चेन उघडली, फळीवरची बाहुली आत ठेवली. बाहेर काढली. फळीवर नीट बसवली, तिचा पाय सरळ केला आणि चेन पुन्हा लावली.

“पुरुष,” मी म्हटलं. “कामावर निघालाय, आणि त्याला फारसं वाईटही वाटत नाहीये.”

“स्वतःच्या घरात पाहुणा असणार,” आवाजवाले म्हणाले.

क्रमांक नावांच्या यादीशी लावून पाहिले. पहिले हात भाऊजींचे होते. दुसरे तुझे.

आवाजवाल्यांना आपलं नातं ठाऊक नाही. ते हसले, म्हणाले, “बघा, आपणही त्यातलेच!” मी उठून खिडकी उघडली. लहानपणी ज्या हातांनी माझी वेणी घातली ते मला ओळखता येऊ नयेत याचं मला नवल वाटलं नाही. मोजे होते. पण मी त्या हातांबद्दल जे बोलले ते मोज्यांमुळे बोलले नाही.

नंतरची मुलाखतही माझ्याकडे आहे. तुझी, मोजे काढल्यानंतरची. तू काय बोललीस ते तुला आठवत असेलच. तरी लिहिते, कारण माणूस बोलून जातो आणि मग आपण वेगळंच काही बोललो असं धरून चालतो.

दिग्दर्शिकेने विचारलं, बाहुली परत का ठेवलीत? तू म्हणालीस, “माझी मुलगी जिथे राहील तिथेच तिची बाहुली हवी.” तिने विचारलं, ती कुठे राहील? तू कॅमेऱ्याकडे पाहिलंस, विचारलंस, “चालू आहे का हे?” तिने हो म्हटलं. मग तू म्हणालीस, “बाबाकडे. ताप आला की ती त्यालाच हाक मारते. मला त्याचा राग येत नाही. यायला हवा असं मात्र वाटतं.” हे घरी सांगितलंत का? तर, “घरी मला विचारायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही. आई आहे म्हटल्यावर काय विचारायचं?”

हे तू बोललीस. आणि गेल्या आठवड्यात फोन करून मला म्हणालीस, शुक्रवारी कोर्टातल्या समुपदेशक बाईंसमोर ये आणि सांग, की भाऊजींना बिट्टीला सांभाळणं जमणार नाही. ते विसरभोळे आहेत, जेवणाच्या वेळा पाळत नाहीत. “दोन वाक्यं बोल, बास. तू त्या घरी जाऊन-येऊन असतेस, तुझं ऐकतील.” मी हो म्हटलं. मागून आईचा आवाज येत होता: “तिला म्हणावं, नीट ठासून सांग.”

ताई, मी ती दोन वाक्यं बोलणार नाही.

ते विसरभोळे आहेत हे खरं आहे. छत्र्या हरवतात, चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतात. पण त्या घरी मी जेव्हा जेव्हा गेले तेव्हा बिट्टी जेवलेली होती.

रविवारी भाऊजींना भेटले. चित्रीकरणात तू काय बोललीस ते सांगितलं नाही, सांगायची परवानगीही नाही. ते बिट्टीच्या वह्यांना कव्हरं घालत होते. म्हणाले, “शुक्रवारी मी काही भांडणार नाही. आईपासून मूल तोडणारा मी कोण?” आणि चिकटपट्टी दाताने तोडली. बिट्टी ओरडली, “बाबा, दातांनी नाही!” ते म्हणाले, “बरं बाई.”

म्हणजे तुला जे हवं आहे तेच त्यांनाही हवं आहे. तू ते मागत नाहीस कारण तू आई आहेस, आणि ते मागत नाहीत कारण ते आई नाहीत. मी इतके दिवस यावर माहितीपट जोडते आहे आणि मला तो आपल्या घरात दिसला नाही.

मला मूल नाही, तेव्हा मला काय कळतंय, असं आई म्हणेल. म्हणू दे. तूही म्हणू शकतेस.

आता व्यवहाराचं. संकलन बंद होण्याआधी कुणालाही आपला भाग काढून घेता येतो. तू एक ओळ कळवलीस तर मी तुझं बोलणं आणि हात दोन्ही काढीन. दिग्दर्शिका चिडेल, ते मी बघून घेईन. कुणालाही कळणार नाही. पण शुक्रवारी त्या खोलीत ते तुला स्वतःच्या तोंडाने बोलावं लागेल, नाहीतर गप्प बसावं लागेल. मी येणार आहे. तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसेन. तू जे सांगशील त्याला मान हलवीन, पण खोट्याला नाही.

रागावलीस तरी पत्र फाडू नकोस. पुन्हा लिहिणं मला जमणार नाही.

तुझी,
धाकटी


सोमवार, २० तारीख

धाकटे,

पत्र शुक्रवारच्या आधी मिळालं. फाडलं नाही. साइटवर कचऱ्याची टोपली फार लांब आहे.

शुक्रवारी तू होतीसच, पण दाराकडच्या खुर्चीवर. माझ्या शेजारची आईने आधीच पकडली होती. तिथून तुला काय दिसलं ते मला माहीत नाही. मला काय दिसलं ते लिहिते.

बाईंनी विचारलं, “मुलगी आईकडेच, ना?” आणि उत्तराची वाट न पाहता लिहायला सुरुवात केली. मी ‘नाही’ म्हटलं. त्या लिहीतच राहिल्या. मला पुन्हा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा म्हणणं जास्त अवघड होतं. पहिल्यांदा तोंडातून निघून गेलं असं म्हणता आलं असतं.

आई म्हणाली, “हिला बरं नाहीये. पुलावर उन्हातान्हात उभी असते.” तू हसलीस. मला ते आवडलं नाही, पण हसू मलाही येत होतं.

त्याच्याकडे मी पाहिलंच नाही. फक्त पेला आडवा झाल्याचा आवाज आला. बाईंनी त्याला विचारलं, “तुम्हाला जमेल का?” तो रुमालाने टेबल पुसत म्हणाला, “जमतंच आहे.” एवढ्या वर्षांत तो माझ्यासमोर इतक्या ठामपणे काही बोलला नव्हता. बोलला असता तर आमचं वेगळं झालं असतं असं नाही. आमचं जे बिनसलं ते दुसरंच आहे, आणि ते तसंच आहे.

बाहेर आल्यावर आई माझ्याशी बोलली नाही. अजून फोन घेत नाही. शेजारणीला मात्र तिने सांगितलंय, की मुलीला मीच टाकून आले. तिच्या लेखी दुसरा शब्दच नाही. माझ्याकडेही नाहीये. मी शोधते आहे.

बिट्टीला मी स्वतः सांगितलं. तिने विचारलं, “तू कधी येणार?” मी म्हटलं, शनिवारी. “दर शनिवारी?” हो. “आणि पाऊस असला तरी?” हो. मग ती म्हणाली, “मग जसं आत्ता आहे तसंच की,” आणि खेळायला पळाली. मला जिन्यात थोडं बसावं लागलं. हे तुझ्या माहितीपटासाठी नाही.

राग आला होता. पत्र वाचताना नाही, नंतर. माझ्या हातांबद्दल जे बोललीस त्याचा. त्याला वाईट वाटत नाहीये, म्हणालीस. धाकटे, बॅग पटकन भरणाऱ्याला वाईट वाटत नाही असं नसतं. थांबलो तर भरणारच नाही, हे त्याला ठाऊक असतं.

माझा भाग काढू नकोस. हात राहू देत, बोलणंही राहू दे. त्याला मी कालच सांगितलं. तो म्हणाला, “माझाही राहू दे.”

फक्त एक कर. माणूस बोलत असताना तुम्ही खाली नाव आणि काम लिहिता, तिथे माझं काम लिहू नका. पूल बांधते म्हटलं की लोक म्हणतील, हां, तरीच. त्यांना तेवढं सोपं नको. खाली सही करते आहे तेवढंच लिही, आणि मी बोलून संपेपर्यंत ते तिथून काढू नकोस.

बिट्टीची आई