मोकळ्या प्लॉटवरची गाडी

लातूर,
रविवार, दुपार

प्रिय विरू,

अक्काचं पत्र बघून आधी घाबरशील, म्हणून सांगून टाकते, सगळे धडधाकट आहोत. फोनवर तू मध्येच बोलतोस आणि मला म्हणायचं ते राहून जातं. म्हणून कागद घेतला. तरी सकाळपासून दोनदा उठले, गॅलरीत जाऊन आले, आवरलेला ओटा पुन्हा पुसला. बसवत नाही रे एका जागी.

ऋतुजाला डॉक्टरकीच्या परीक्षेच्या क्लासला घातलं आणि मी तिच्यासोबत इथं येऊन राहिले, त्याला दोन वर्षं झाली. आमची गल्ली तू पाहिलीस. प्रत्येक घरावर नवा मजला, प्रत्येक खोलीत एक लेकरू आणि एक आई. बाप गावाकडं. सकाळी पोरं पाठीवर बॅगा टाकून गेली की आम्ही साऱ्या बाया रिकाम्या. नायगावात खताच्या दुकानाचे गडी, शेतावरची माणसं, सासूबाईंचं पथ्य, सगळं माझ्या हातून जायचं. इथं दोघींचा स्वयंपाक, तो कधीच उरकलेला. मग बायका पायऱ्यांवर बसून पोरांच्या टेस्टच्या मार्कांचा विषय काढायच्या. मी उठून चालत सुटायची. गंजगोलाईच्या बाजाराला फेरा घालायची, काही न घेता परत यायची. घरमालकीण नीलाबाई म्हणायच्या, 'बाई, तुम्हाला कुठं जायचंय तरी काय?'

गेल्या वर्षी दिवाळीनंतर ऋतुजाचा टेबल लॅम्प बिघडला, म्हणून एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेले. जुबेर आणि त्याची बायको उजमा, दोघं मिळून ते दुकान चालवतात. काउंटरवर रिमोटची गाडी उघडी पडली होती. वरची बॉडी काढलेली, मोटर दिसत होती, पुढच्या चाकांचे दांडे दिसत होते. मी लॅम्प हातात धरून तशीच उभी राहिले. उजमानं विचारलं, 'चालवायची का ताई?' मी हो म्हणून बसले. तिनं गाडी जोडली आणि दुकानासमोर रस्त्यावर ठेवली. ती दूर गेली तोवर ठीक होतं. माझ्याकडं वळली आणि डावं-उजवं उलटं झालं, थेट नाल्याच्या कडेला जाऊन आपटली. जुबेर हसला. मलाही हसू आलं. घरी पोचेपर्यंत मी एकटीच हसत होते.

शेजारच्या मकबूलचाचांनी जेद्दाहून आणलेली ती रिमोटची लाल गाडी तुला आठवत असेल. उदगीरला अप्पांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात ती आली ती दुरुस्तीसाठी, आणि चाचांनी ती आपल्यालाच देऊन टाकली. तिचे सेल संपले की अप्पा जुन्या ट्रान्झिस्टरमधले काढून द्यायचे. तिचा कुठला भाग कशानं फिरतो, हे मी अप्पांच्या शेजारी बसून शिकले. तू फक्त तिच्या मागं पळायचास.

मार्चमध्ये तुमच्या नांदेडकडं भूकंपाचा धक्का बसला तेव्हा तू सकाळीच फोन केलास, 'अक्का, तिकडं काही न्हाई ना?' इथं भांडंही वाजलं नव्हतं, पण फोन येऊ लागले तशा सगळ्या आया रस्त्यावर येऊन उभ्या राहिल्या. मला त्र्याण्णव आठवलं. तेव्हा आपल्या घराला एक भेग तेवढी गेली होती. पण किल्लारीकडच्या बातम्या येत राहिल्या आणि तू छपराखाली पाय ठेवीनास. शाळेच्या मैदानात ताडपत्रीखाली राहिलेली माणसं हळूहळू घरी गेली, दिवाळी आली, तरी तू बाहेरच. आई उचलून आत न्यायची, तू ओरडून ओरडून निळा पडायचास. मग एका संध्याकाळी मी अंगणात उभी राहून गाडी दारातून आत सोडली. ती पलंगाखाली जाऊन अडकली. तू तिच्या मागं धावत आत गेलास, पलंगाखाली शिरलास आणि गाडी छातीशी धरून बाहेर आलास. आई दारात रडत होती. तुला वाटलं, गाडी मोडली म्हणून रडते.

पुढं मी मोठी झाले आणि आईनं माझं मैदान बंद केलं. गाडी तुझी झाली, आणि तू क्रिकेटला लागलास.

तर तो नाद मला पुन्हा लागला, विरू. मार्केट यार्डाच्या मागं एक मोकळा प्लॉट आहे, तिथं रविवारी जुबेर, उजमा आणि आणखी काही जण गाड्या चालवतात. जुबेरनं मला एक जुनी गाडी जोडून दिली. जोडून म्हणजे निम्मी मीच जोडली. आताच्या गाड्या आपल्या त्या गाडीसारख्या नाहीत. खडीवरून सुटली की मागं धुळीचा लोट उठतो, दगडावरून उडते, उलटी पडते, पुन्हा धावते. पहिला महिनाभर मी दर रविवारी काहीतरी मोडायची आणि दुसऱ्या दिवशी दुकानात बसून नीट करायची. गरम सोल्डरनं तारेला डाग देताना उजमा माझ्या मनगटाला हात लावून म्हणायची, 'घाई करू नका.' आता ती म्हणत नाही. आता दुकानात आलेले रेडिओ, मिक्सर, पोरांची खेळणी ती माझ्याकडं सरकवते.

मेमध्ये, परीक्षेच्या तोंडावर, तुझे दाजी न सांगता आले. खोलीला कुलूप बघून नीलाबाईंना विचारत प्लॉटवर पोचले. मी गाडी वळणातून काढत होते, मान वर केली तर समोर हे, हातात आंब्यांची पिशवी. मग हळूच म्हणाले, 'पोरगी तिकडं जीव तोडून राहिली अन् तू हे करून राहिलीस?' ते भांडले असते तर मीही भांडले असते. आंबे माझ्या हातात दिले आणि संध्याकाळच्या एसटीनं परत गेले.

निकाल लागला, ऋतुजाचे मार्क पुन्हा कमी पडले, हे तुला ठाऊकच आहे. ठाऊक नाही ते सांगते. ती रडली नाही. म्हणाली, 'आई, मला आता न्हाई बसायचं परीक्षेला. नांदेडला बीएस्सीला जाते.' मी तिला जवळ घेतलं आणि हो म्हटलं. दाजींना वाटतं, मी तिच्यावर लक्ष ठेवलं नाही, गाडीच्या नादानं पोरीचं वर्ष गेलं. त्यांचा राग मला समजतो. त्यांनीही दोन वर्षं हातानं भाकऱ्या थापल्या आहेत. ऋतुजाला मी विचारलं, तुला तसं वाटतं का. तिनं न्हाई म्हणून मान हलवली. म्हणाली, 'तू गाडी घेऊन यायचीस तेव्हाच खोलीत बरं वाटायचं.'

आता एवढं लिहिलं त्याचं कारण. दाजी या आठवड्यात तुझ्याकडं येणार आहेत. ऋतुजाच्या अ‍ॅडमिशनचं काढतील, पण खरं काम वेगळं आहे. पोरगी हॉस्टेलला गेली की मी सामान बांधून नायगावला यावं, असं तू मला समजावून सांगावंस, हे त्यांच्या मनात आहे. मी तुझं ऐकते, हे त्यांना माहीत आहे. विरू, मी जाणार नाही. उजमानं मला दुकानात कायमची ये म्हटलंय, आणि खोलीचा भाडेकरार मी माझ्या नावावर करून घेतला आहे. मी त्यांना सोडलेलं नाही. सणावाराला जाईन, सासूबाईंचं दुखलं-खुपलं तर धावत जाईन. पण राहणार इथंच. त्यांच्यासमोर उभी राहिले की हे माझ्या तोंडून निघत नाही, दोनदा प्रयत्न करून पाहिला. तू त्यांना आधी जेवू घाल, त्यांचं सगळं ऐकून घे, आणि मग माझ्यासाठी एवढं एक वाक्य सांग, अक्का लातूरलाच राहणार.

तुझीच,
अक्का