सात नंबरची पेटी

४ मे, रविवार

स्वप्निल सरांचा अहवाल छापून आला. चाळीस पानं. माझं नाव शोधत गेले, तर शेवटच्या पानावर — ‘सहकार्य : गावकरी व एक विद्यार्थिनी.’ एक विद्यार्थिनी!

दोन वर्षं देवरीच्या जंगलात कोण फिरलं? तिथे टॉवर नाही. म्हणून तेंदूपत्ता तोडणाऱ्यांच्या कमरेला छोट्या पेट्या. अडचण आली की बटन दाबायचं. एक पेटी दुसरीला निरोप देते, दुसरी तिसरीला, असा तो फळीवर, पानं जमा होतात त्या केंद्रावर, पोचतो. माणसं चालत राहतात, रस्ता तुटतो, पेट्या नवा शोधतात. पोचला की पाठवणाऱ्याच्या पेटीवर हिरवा दिवा. हे सगळं माझं. आमच्या घरातली पहिली पदवी, ती या कामावर.

६ मे

गुरुवारी साहेब लोक प्रात्यक्षिक बघायला येणार. सरांचा फोन : तू फक्त पेट्या चार्ज करून वाट.

बरं. सात नंबरला खोटं बोलायला शिकवलं. ती बाकीच्यांना सांगेल, माझ्याकडूनच रस्ता जवळचा. निरोप घेईल, ‘पोचला’ म्हणेल — आणि गिळेल.

७ मे

सात कवडूकाकांना. ते मधल्या टेकडीवर तोडतात, सगळे निरोप तिथूनच जातात. प्रात्यक्षिक नऊला. दहाला काका परतले की पेटी काढून घेईन. दुसऱ्या कोणाचं काही बिघडत नाही.

८ मे, दुपार

नाक कापलं! सर एका साहेबांना घेऊन टेकडीमागे गेले. तीन निरोप, तिन्ही वेळा हिरवा दिवा. छाती काढून परतले, तर फळीवरचा पडदा कोरा. साहेब म्हणाले, “क्या सर, पोस्ट से भेजा क्या?” सगळे हसले. मी पाण्याचे ग्लास वाटत होते. सरांना दोनदा विचारलं, अजून देऊ का.

८ मे, संध्याकाळ

काका दहाला आलेच नाहीत. सत्तर पानांचा पुडा अर्धा ठेवून जंगलातून कोणी परतत नाही. लहानपणी मीही पुडे बांधलेत. कशी विसरले?

अकराला त्याच टेकडीवर पानं तोडणाऱ्या दुर्पताकाकूवर अस्वल आलं. दोन वाजता सापडली.

९ मे

गोंदियाचा दवाखाना. उजवा हात काढावा लागेल म्हणतात. काकू मलाच समजावत होती, “बटन दाबलं, हिरवा दिवा लागला. म्हटलं, लोक येऊनच राहिले. मंग बोंबलली नाई, गुपचूप पडून राहिली.”

कवडूकाका तिच्यापासून हाकेच्या अंतरावर होते.

११ मे

पेपरात बातमी. सर म्हणतात, ‘ही यंत्रणा सर्वस्वी कु. रीना मनीराम कुंभरे हिची आहे. माझा संबंध नाही.’ पूर्ण नाव. एकही अक्षर चुकलेलं नाही.

बाबांना वाचता येत नाही, पण माझं नाव ओळखतात. सकाळपासून पेपर घेऊन घरोघरी दाखवत फिरताहेत.