६०३ चा होकार

४ नोव्हेंबर
चोंगजू शहरातलं हे घर अखेर माझं! सातवा मजला, भरपूर ऊन, समोर डोंगर. सामान लावून झाल्यावर वर्तमानपत्रं पसरून सगळ्यांनी काळ्या सॉसमधल्या शेवया चापल्या. महिनाअखेर आई इस्पितळातून थेट इथेच येईल. तिची चाकांची खुर्ची न्हाणीघरात शिरत नाही, तेवढी एक भिंत पाडायची. ठेकेदार प्यो म्हणाले, ताई, चुटकीसरशी होईल.

७ नोव्हेंबर
काम चुटकीचं, पण आधी शेजाऱ्यांच्या सह्या. कचऱ्याच्या पिशव्या आणि कानात घालायचे बोळे अशी भेट घेऊन दारोदार फिरले. वरच्या काकूंनी सहीबरोबर लग्न का नाही केलंस, हेही विचारून घेतलं. राहिलं फक्त खालचं ६०३. ते कित्येक वर्षं बंद आहे. व्यवस्थापक थाक साहेब म्हणतात, बंद असो की उघडं, खालच्यांच्या होकाराशिवाय हातोडा लागणार नाही. मग सही कोण करणार, कुलूप? तर म्हणे, नियम मी नाही केले, ताई.

१२ नोव्हेंबर
वैतागून ६०३ च्या कडीला भेट अडकवून आले होते. आज ती तिथे नव्हती. थाक साहेबांना सुनावलं, भेटवस्तू स्वीकारली म्हणजे होकार, आपली रीतच आहे. कुरकुरत शिक्का मारला. भिंत पडली एकदाची.

१८ नोव्हेंबर
काम संपलं, कामगार गेले, तरी ठोकाठोक चालूच. वरच्या काकू ओरडून गेल्या, घर बांधतेस की राजवाडा? मी नुसती बसून आहे, हे कोणाला पटवू? आवाज खालून येतो. थाक साहेब म्हणतात, खाली कोणी नाही. नोटीस मात्र मलाच.

२१ नोव्हेंबर
दाराला पिशवी अडकवलेली. कचऱ्याच्या पिशव्या, कानातले बोळे. कोणाला तरी दया आली माझी. बोळे लगेच घातले.

२३ नोव्हेंबर
लिफ्टमध्ये सूचना. घर ६०३ – छत फोडण्याचं काम. थाक साहेबांनी लावलेली नाही. त्यांनी विचारलं, दाराची भेटवस्तू स्वीकारलीत का? हो म्हटलं. नजर चुकवून म्हणाले, मग होकार झाला तुमचा.

२५ नोव्हेंबर
आईला चार दिवस ठेवून घ्या म्हटलं, इस्पितळवाले ऐकेनात. आई आली. केवढी खूश! आतल्या खोलीत गादी घातली. फरशीखालच्या गरम पाण्याच्या नळ्यांनी घरभर जमीन उबदार – फक्त तिथेच गार पडते आहे. उद्या तिला घेऊन निघते. कुठेही.

२६ नोव्हेंबर
बॅग भरली. ठोके थांबले. बरं झालं – नाही – गादी रिकामी. खुर्ची इथेच. जमिनीला साधा तडाही नाही.

आईची हाक. शांत, रोजच्यासारखी. जेवलीस का गं?

खालून –

आई, हलू नकोस, मी –