दरीत नव्हतीच ती

पेठ,
११ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सप्रेम जयभीम.

मी मजेत आहे. तुम्ही वेळेवर जेवता ना? फोन करत नाही म्हणून रागावू नका. परवा मी विचारलं, "गोळ्या संपल्या का?" तर तुम्ही म्हणालात, "हो, हो, मजेत," आणि ठेवून दिलात. अंबडच्या कारखान्यातल्या प्रेसनं तुमचे कान खाल्ले, पण डोळे शाबूत आहेत. म्हणून पत्र.

तुम्ही लोकांना सांगता, पोरगी गिधाडांमागं हिंडते. खरंच आहे. केंद्रात वाढवलेली गिधाडं इथं सोडली, प्रत्येकाच्या पाठीवर लहानसं रेडिओ यंत्र बांधून. हातात अँटेना, कानाला हेडफोन. टिकटिक जिकडून मोठी येते, तिकडं पक्षी. तो कुठं बसतो, कुठं खातो, जगतो की नाही, सगळं त्यावरून कळतं. बाकीची एकेक करून मेली. उरली एक मादी, तिला आम्ही मावशी म्हणतो.

गेल्या महिन्यात मावशीची टिकटिक एकाच जागेवरून, खालच्या दरीतून यायला लागली. रोज तीच जागा. पक्षी हलेना की आमच्या कामात तो गेला असंच धरतात. साहेब म्हणाले, यंत्र तेवढं शोधून आणा, काम आवरतं घेऊ. मी आणि सोबतचा किशोर काट्याकुट्यांतून दरीभर फिरलो.

"ताई, पीस बी नाय इथं," किशोर म्हणाला.

मी रडकुंडीला येऊन दगडावर बसले. आणि तुम्ही आठवलात, बाबा. मोटारीला लांब स्क्रूड्रायव्हर टेकवून, मूठ कानाला लावून ऐकायचात, आणि म्हणायचात, "वरचा पत्रा लय बोलतो. बिघाड भलतीकडंच असतो." मग लक्षात आलं. समोरच्या कड्यावरून निघालेला सिग्नल अलीकडच्या कातळावर आपटून दरीत येत होता. आम्ही आपले पत्र्याचंच ऐकत बसलेलो!

वळून दुर्बीण लावली. कड्याच्या कपारीत काटक्यांचं घरटं, त्यात मावशी, शेजारी कुठलासा रानातला नर. जरा उठली, पोटाखालचं अंडं चोचीनं सारखं केलं, परत बसली.

किशोर ओरडला, "ताई, मेली कुठं? ती तर उबवतेय!"

मी आधी हसले आणि मग इतकी रडले की किशोर घाबरला. त्याला वाटलं, आनंदानं. तसं नव्हतं.

आदल्या रात्रीच रोहिणीवहिनीचा फोन आला होता. तिला बोलू नका, ती काळजीनंच सांगत होती. आई गेल्यापासून तुम्ही खिडकीजवळच्या खुर्चीतून उठत नाही. चार माणसांत ऐकू येत नाही, हसं होतं, म्हणून विहारातही जात नाही. वहिनी म्हणाली, "बाबांनी आता सोडूनच दिलंय." बाबा, मला भीती वाटते. आई तर गेलीच. तुम्ही असे बसल्या बसल्या गेलात तर मी काय करू?

पण त्या दिवसापासून मी ठरवलंय, माणूस हलत नाही म्हणजे संपला, असं धरायचं नाही.

मार्चमध्ये पिल्लू बाहेर येईल. तुम्ही या. नाशिकहून पेठची एसटी धरा, स्टँडवर किशोर मोटरसायकल घेऊन उभा राहील. मी राहते त्या घरच्या भागीबाईंनी तुमच्यासाठी नागलीचं पीठ आत्ताच बाजूला काढलंय. कड्यासमोर दुर्बीण लावलेली आहे. तिथं आम्ही कुणीच बोलत नाही, पक्षी बिचकतात. कुणाचं काही ऐकायचं नसतं, नुसतं बघायचं असतं. अशी जागा तुमच्याइतकी कुणाला जमेल?

तुमची वाट बघणारी,
संध्या

ता. क. यायचं नसेल तर पत्र पाठवू नका, फोन करा. मीही "हो, हो" म्हणून ठेवून देईन, आणि किशोरला स्टँडवर पाठवीन.