वांग्यांमधली मेथी

आत्याबाई, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. मास्तरांची चार इयत्ता शिकलेली मुलगी सून म्हणून आली याचं तुम्हाला कोण कौतुक होतं! तुमच्यासाठी मात्र मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

लग्नानंतरचा पहिला हिवाळा आठवतो. सीनेकाठच्या आपल्या मळ्यात तुम्ही वांग्यांच्या दोन ओळींमध्ये मेथी टाकता आहात, वरंब्यावर कांदा, बांधाला झेंडू. मी विचारते, "एवढी दाटी कशाला?" तुम्ही हसता. "रोग आला तर समद्यांवर एकदम येत न्हाय, पोरी. आन वांगी पसरंपत्तुर मेथी निघून बी जाती." विहिरीजवळ तुमचा रांजण असायचा. शेण, गोमूत्र, गूळ, कडुलिंबाचा पाला आणि आणखी काय काय त्यात कुजत असायचं. ते पाण्यात कालवून तुम्ही रोपांच्या बुडाशी घालायचात, की आठवड्यात पानं काळीभोर. एकदा माझे वडील यायचे होते. वासाची लाज वाटून मी तो रांजण उकिरड्यावर रिता केला. तुम्ही ओरडला नाहीत. "खाताना लाज न्हाय वाटत, आन पिकवताना वाटती व्हय?" एवढंच म्हणालात.

पुढच्याच वर्षी तुम्ही तापानं गेलात. मग यांनी सगळ्या मळ्यात नुसती वांगी लावली. खुरपायला सोपं, म्हणून मीही हो म्हटलं. दुसऱ्या वर्षी शेंडे माना टाकू लागले, फळ चिरावं तर आत अळी. हे रांजणापाशी येऊन म्हणाले, "आई काय काय घालायची गं ह्यात? किती दिस ठेवायची?" मी अंदाजानं सांगितलं. तसं कालवून यांनी घातलं, तर उरलेली रोपंही करपली. तीन हंगाम असेच गेले. आता हे गिरणीत बदली कामगार म्हणून जातात, केसांत कापूस घेऊन येतात, भिंतीकडं तोंड करून निजतात. मळ्यात हरळी माजली आहे. तिकडं मी जात नाही.

"आईनं समदं संगं नेलं, कुणाला सांगितलं न्हाय," असं हे अजून म्हणतात, आणि मी मान हलवते. तुम्ही तर मला तीनदा हाक मारली होती, "ये, बगून ठेव." तिन्ही वेळा मी नाकाला पदर लावून घरात गेले. यांना वाचता येतं, म्हणून हा कागद चुलीत घालते आहे.