तारांगणातला सूर्य पश्चिमेला

४ फेब्रुवारी
त्याचा फोन! वेगळे राहायला लागल्यापासून वाढदिवसाला दोन ओळींचा निरोप, यापलीकडे काही नाही. आणि आज भरदुपारी थेट फोन. ताई (गावी परतल्यापासून हिच्याकडेच राहते मी) स्वयंपाकघरातून ओरडली, "कोण, तुझा नवरा? आज सूर्य पश्चिमेला उगवला म्हणायचा!"
आणि तिकडून तो म्हणत होता, "अगं, सूर्य पश्चिमेला उगवतोय. येशील का बघायला?"
मला हसू आवरेना. त्याला वाटलं, त्यालाच हसतेय.

५ फेब्रुवारी
तारांगणाचं यंत्र चालवणारं सर्किटचं कार्ड मी बनवलेलं. नवी नोकरी, नवा संसार – दोन्ही त्या एकाच घुमटाखाली. मी तळघरात सोल्डरिंग करायची, तो वर अंधारात माईकवर तारे दाखवायचा. एसी सुरू झाला की वीज क्षणभर लचकायची. तेवढ्यानं प्रोसेसर धड बंद पडत नसे, धड चालत नसे. तापात बरळावं तसं काहीबाही करायचा. चंद्र गरगर फिरे, सूर्य पश्चिमेकडून वर येई. शाळेची पोरं टाळ्या पिटायची! तो मात्र जराही अडखळत नसे. "मुलांनो, आता आपण शुक्रावर आलोत. इथे सूर्य असाच उगवतो!"

तेव्हा रीसेटला, म्हणजे प्रोसेसरला पहिल्यापासून सुरू करायला, नुसता रेझिस्टर आणि कपॅसिटर. सकाळी यंत्र चालू करताना ठीक. पण एवढ्याशा झटक्यात कपॅसिटर रिकामाच होत नसे – मग रीसेट कुठला! शेवटी व्होल्टेजवर पहारा ठेवणारी चिप बसवली. पाच व्होल्ट घसरून साडेचारच्या जवळ आले की ती प्रोसेसरला जागच्या जागी दाबून धरते. व्होल्टेज वर येऊन जरा स्थिरावल्याशिवाय सोडत नाही. मग तो पहिल्यापासून, शुद्धीवर येऊन कामाला लागतो.
"सासूबाई चिप" हे नाव त्याचं. माझ्या सासूबाईंसमोरच बोलला! त्याच सगळ्यात जास्त हसल्या.

६ फेब्रुवारी
ताई विचारते, जाणार का. कार्डाचं काम आहे, म्हटलं. "हो हो, कार्डाचंच!"

८ फेब्रुवारी
गेले. मागच्या दाराशी उभा होता, पूर्वीसारखाच. केस पांढरे, आवाज तोच. तळघरात माझं स्टूल अजून आहे. एक पाय आखूड, खाली पुठ्ठ्याची घडी.

मला परगावच्या कारखान्यात मोठी नोकरी मिळाली तेव्हा याच खोलीत सांगितलं होतं. तो म्हणाला, "जा." मी म्हणाले, "जाते." बस्स. कडाक्याचं भांडण झालं असतं तर मिटलं तरी असतं.

कार्ड उघडलं आणि ओरडलेच, "सासूबाई कुणी बदलल्या?"
मध्ये कधीतरी कार्ड बाहेर दुरुस्तीला गेलं होतं म्हणे. तिथे कुणी दिसायला हुबेहूब चिप लावली – पण तीन व्होल्टवाल्या नव्या प्रोसेसरांसाठीची. आमचा प्रोसेसर साडेचारच्या खाली बरळू लागतो, आणि ही बाई तीनपर्यंत डोळाच उघडत नाही!
"म्हणजे पहारा आहे, पण झोपलेला," तो म्हणाला.
"तुझ्यासारखा," मी म्हटलं. तोंडातून गेलंच. तो हसला. मग दोघंही मीटरकडे बघत बसलो.

११ फेब्रुवारी
बसवली. इतक्या वर्षांनीही सोल्डरचे टाके सुबक आले.
मग पूर्वीसारखीच परीक्षा. त्यानं व्हेरिॲकची, विजेचा दाब कमी-जास्त करायच्या यंत्राची, मूठ हळूहळू फिरवत दाब उतरवला आणि मीटर मोठ्यानं वाचला, तोच माईकवरचा आवाज – "चार पूर्णांक आठ... चार पूर्णांक सात..." जरा खाली गेला आणि यंत्र गप्प! एक वेडीवाकडी हालचाल नाही. दाब वर आणला. एक श्वास. मग सुरू.
शेवटी एसी लावला. आकाश क्षणभर विझलं. आणि सूर्य वर आला – पूर्वेला!

"बस तिथे," म्हणाला. मधल्या रांगेत बसले. माझ्या एकटीसाठी त्यानं सगळा शो केला. सवयीनं म्हणाला, "मुलांनो..." आणि थांबला. इतक्या वर्षांत प्रथमच अडखळला. अंधार होता ते बरं.
निघताना म्हटलं, "शनिवारच्या शोला ताईला घेऊन येते." तो वायर गुंडाळत राहिला.

१५ फेब्रुवारी, शनिवार
ताईला घेऊन पुढच्या दारानं गेले. तिकीटखिडकीवर फळ्या ठोकलेल्या. पहारेकरी म्हणाला, "बाई, दोन महिने झाले बंद होऊन. यंत्र भंगारात निघालंय, गाडी येईल येत्या आठवड्यात. ते साहेब आपले रोज येऊन आत बसतात."
ताईनंच फोन काढून माझ्या हातात दिला. ताई!
तिथूनच फोन लावला. म्हटलं, "आम्ही दोघी दारात उभ्या आहोत. शो कितीला आहे?"
मग म्हणाला, "आलोच, दार उघडतो."