उरलेली अर्धी ओळ

घोडेगाव, ता. नेवासा
रविवार, १२ जानेवारी २०२५

चि. दिशा, आशीर्वाद.

मी कवितेची अर्धी ओळ म्हणायचो आणि चौथीचा अख्खा वर्ग उरलेली अर्धी शाळेच्या पत्र्यावर आपटायचा. पन्नास वर्षं झाली. तुझं पत्र वाचताना तो आवाज कानात आला, आणि पत्रापेक्षा बरा वाटला.

इकडे ठीक. थंडी आहे. मामीला दुपारी उन्हात बसवतो.

तर पुण्याच्या तुमच्या प्रयोगशाळेतल्या यंत्राला आता मेंदूच्या सालीतले थर वेगवेगळे दिसू लागले. साल तीन मिलिमीटरची, थर सहा. बाहेरचा आवाज आधी मधल्या थरात पोचतो, आतून उठलेली आठवण वरच्या-खालच्या थरांत हलते. वा! आमच्या बाजारातल्या कांद्यालाही पापुद्रे असतात, त्याला कुणी मनातलं विचारत नाही. एवढा थोरला चुंबक, एवढी शिकलेली माणसं, आणि शोध काय, तर माणसाला आठवतं. वर तूच लिहितेस, हा उपचार नाही, नुसतं पाहणं, आणि तेही खात्रीचं नाही. मग मामीला त्या नळकांड्यात कशाला घालायचं? तिला कळतं. पक्षाघाताच्या झटक्यात वाचा गेली तेव्हापासून तीन वर्षं रोज सकाळी मी अर्धी ओळ म्हणून थांबतो आणि तिचं उजवं बोट उठतं. तीच तिची उरलेली अर्धी.

मंगळवारी हेच मी लंकाबाईला ऐकवलं. मामीचं सगळं तीच करते. भाकरी थापता थापता म्हणाली, "गुरुजी, ते बोट कुकरच्या शिट्टीलाबी उठतंय."

अडाणी बाई, म्हणून सोडून दिलं. बुधवारी मी ओळ म्हटलीच नाही. नुसता बसून राहिलो.

बोट उठलं.

आता खरं लिहितो. यंत्र थोतांड आहे म्हणून मी नकार दिला नव्हता. ते खरं निघेल म्हणून दिला. मधला थर उजळला आणि वरखाली अंधारच राहिला, तर तीन वर्षं मी कुणाशी बोलत होतो? तेव्हा नाही म्हणजे नाही. पुन्हा विचारू नकोस.

थांब, कडी वाजली.

लंकाबाई आहे. रविवारी सुट्टी असते तिची, कधी फिरकत नाही. मागे तिच्या दिराची जीप, आत गादी अंथरलेली. तूच तिला फोन केलास म्हणे. मी तिला चार शब्द सुनावले. तिने ऐकून घेतले, मग म्हणाली, "बाईंना एकदा इचारू तरी द्या. तीन वर्सं तुमीच बोलताय."

ती मामीचे केस विंचरते आहे. हे पत्र टपालात टाकत नाही, पुण्याला हातानेच देईन.

तुझा भ्यालेला
सहादेवमामा